पहिलं अक्षर

इज्मीरच्या आमच्या स्वयंपाकघरात
गेल्या वर्षीचं कॅलेंडर पालथं पसरलंय.
मधोमध रेघ. डावीकडे गोतेबोर्ग, उजवीकडे आन्वेर्स.
तुंजाय आकडे भरतोय,
जहाजाच्या इंजिनाचे सुटे भाग मोजावेत तसे:
पगार, घरभाडं, शाळेपर्यंतचं अंतर,
डिसेंबरात सूर्य किती वाजता मावळतो.
"साडेतीनला," तो म्हणतो,
आणि माझ्याकडे बघत नाही.

आन्वेर्सला शुक्रान आहे, माझी मावसबहीण.
तिच्या गल्लीत वांगी मिळतात, आपल्यासारखी बारीक,
आणि रविवारी कोणीतरी दार वाजवतं.
गोतेबोर्गला आमचं कोणी नाही.
पगार मात्र थोडा जास्त,
आणि घराच्या फोटोत खिडकीबाहेर एक ओला खडक,
ज्याच्याकडे मी वेड्यासारखी परत परत बघते.
माझं औषधांचं प्रमाणपत्र
दोन्हीकडे नुसता कागद.

तीन आठवडे हेच, तळ्यात-मळ्यात.
सासूबाई गेवरेक चहात बुडवत म्हणतात,
"दोन्हीकडे बंदर आहे ना?
मग भांडता कशाला?"

आल्पेरला कोणी विचारलं नाही.
चौदाचा आहे. शब्द त्याच्या ओठांपाशी येतात
आणि उंबऱ्यावर बूट काढायला थांबावं तसे थांबतात.
सगळे नाही. काहीच अक्षरांचे.
ग चे. आणि आ चे, म्हणजे स्वतःचं नावच.
नव्या वर्गात बाई नाव विचारतात
तेव्हा तो वही पुढे करतो.

काल रात्री न्हाणीघरात नळ वाहत होता.
पाणी उगाच जातंय म्हणून उठले,
दाराशी पोचले आणि तिथेच राहिले.
नळाच्या आवाजाआड तो शहरांची नावं म्हणत होता.
आ, आ, आ…
मग बराच वेळ नुसतं पाणी.
मग ग, ग…
मग दात घासायचा ब्रश बेसिनवर आपटल्याचा आवाज.
मी कपाळ दाराला टेकवलं.
आमच्या रकान्यांत भाडं होतं, अंधार होता, वांगी होती.
"तू कुठे राहतोस?"
याचं उत्तर रोज कुणाला द्यावं लागणार,
ते लिहायचं राहूनच गेलं होतं.

सकाळी ऑलिव्हची वाटी सरकवत तो म्हणाला,
"तिथले लोक ग म्हणतच नाहीत."
"कुठले?"
त्याने मोबाइल टेबलावर ठेवला.
कुणी म्हातारी बाई, आवाज शिळ्या पावासारखा कोरडा,
आपल्या गावाचं नाव सांगत होती:
योतेबोर्य.
ग कुठेच नाही. दोन्ही टोकांना वितळून गेलेला,
जणू त्यांनाही तो कधीतरी जड झाला असावा.
"योतेबोर्य," आल्पेर म्हणाला.
एका दमात. मग पुन्हा, जरा हळू, चव घेत.
आजीच्या हातातलं गेवरेक
तुटून चहात पडलं.

तुंजाय पेन्सिल कानामागे खोचून बसला.
शहर काय अक्षरावर निवडतात?
तिथेही ग चे हजार शब्द असतीलच,
आणि आल्पेरचा आल्पेरच राहणार.
हे तो बोलला नाही. मीही नाही.

दुपारी शुक्रानला फोन लावला.
हवेबद्दल बोलले, तिच्या गुडघ्याबद्दल.
सांगायचं होतं ते ओठांपर्यंत आलं
आणि बूट काढत बसलं.
"पाहुण्यांची खोली रंगवून घेतलीय," ती म्हणाली, "पिवळी.
तुला आवडतो म्हणून."
मी म्हटलं, "हं."

संध्याकाळी पाहिलं तर डावीकडचं नाव
कुणीतरी खोडलंय,
आणि वर लिहिलंय, योतेबोर्य.
पेन्सिलीनेच.
खाली साडेतीन तसेच आहेत.
या घरातले किती दिवे सोबत नेता येतील,
ते मी मोजायला लागले.